देवळातला टेलिफोन

आमच्या चाळीत काही शब्द मोठ्याने उच्चारायचे नसत. क्षय हा त्यांतला एक, कर्ज हा दुसरा आणि 'जीव दिला' हा तिसरा. पहिल्या दोन शब्दांसाठी निदान आवाज खाली येई. तिसऱ्यासाठी नुसती मान हलत असे. कुणाच्या घरी तसे काही घडले, तर बायका नळावर एकमेकींकडे पाहून मान हलवीत आणि बादल्या उचलून चालू लागत. पुढे त्या घरच्या माणसांशी कुणी वाईट वागे असे मुळीच नाही. पण त्या दारावरून जाताना पावले जराशी भरभर पडत, आणि सत्यनारायणाचे बोलावणे नेमके त्या दाराशी अडखळे. 'त्यांना यावंसं वाटेल की नाही, कोण जाणे!' असे म्हणून बोलावणेच जात नसे. स्वतःचे अवघडलेपण आपण दुसऱ्याच्या दुःखाच्या खाती किती सफाईने मांडून ठेवतो!

चाळीच्या मागे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची एक लहानशी वाडी होती. लाकडी जिने, कौलारू घरे, दारात एखादी तुळशीसारखी दिसणारी पण तुळस नसलेली कुंडी. माणसे आमच्यासारखीच मराठी बोलत. बोलण्याचा हेल तेवढा निराळा. चर्चला ती 'देऊळ' म्हणत, आणि लहानपणी मला त्यात काहीच नवल वाटत नसे. वाडीतल्या एका मावशींचा आणि माझ्या आईचा मोठा घरोबा होता. दिवाळीत आमच्या चिवड्याचा डबा तिकडे जाई, नाताळात तोच डबा कुलकुल भरून परत येई. रिकामा डबा परत करायचा नाही, हा दोन्ही धर्मांतला समान नियम!

या मावशींचा थोरला मुलगा १९६६ च्या पावसाळ्यात गेला. आम्ही मुले त्याला दादा म्हणत असू. कसा गेला ते मी लिहीत नाही, कारण ते लिहिल्याने कुणाचे भले होत नाही. का गेला, याची चर्चा मात्र वाडीत आणि चाळीत महिनाभर पुरली. नोकरी, परीक्षा, एक मुलगी, असे एकेक कारण रोज नवे निघे आणि दुसऱ्या दिवशी जुने होई.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. मोठ्या माणसांच्या मधे घुसून बसण्याचे ते वय. त्यामुळे त्या दिवशी त्या घरात मृत्यूपेक्षाही मोठी अशी एक भीती वावरत होती, हे मला कळले. भीती अशी, की पाद्री मिस्सा करणार नाहीत, आणि देवळाच्या जमिनीत मुलाला जागा मिळणार नाही. मावशी रडतही नव्हत्या. त्या जिन्याकडे टक लावून बसल्या होत्या.

दुपारी फादर आले. छत्री असूनही पार भिजलेले. दाराजवळच्या खुर्चीवर ते बसले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी मावशींना पहिला प्रश्न विचारला, "सकाळपासून पोटात काही गेलंय का?" आणि नंतर दाराशी घोटाळणाऱ्या पुरुषांकडे वळून ते म्हणाले, "मुलाचं मन आजारी होतं. आजारानं गेलेल्या माणसाला आपण जे देतो, ते सगळं त्याला मिळेल." बस्स, इतकेच. त्या वाक्यानंतर मावशींचा बांध फुटला.

त्यांच्या त्या एका वाक्याला किती जुन्या भिंतीतून वाट काढावी लागली होती, हे मला पुढे वाचनातून समजले. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने आत्महत्येला पाप ठरवले. सहाव्या शतकात धर्मसभांनी अशा माणसाचे अंत्यविधीच नाकारले. इंग्लंडात तर अशी प्रेते रात्री चव्हाट्यावर पुरीत; ती चाल कायद्याने बंद झाली १८२३ साली, आणि तेव्हाही देवळाच्या आवारात पुरायचे ते रात्री नऊ ते बारा या वेळात, प्रार्थनेवाचून. रोमन कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेत, जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी मिळू नये, असे कलम होते. मात्र त्याच संहितेत, शंका असेल तेथे सौम्य बाजू घ्यावी, अशीही सोय होती. आमच्या भागातल्या फादरांनी त्या फटीत आपला खांदा घातला आणि दार उघडले. १९८३ च्या नव्या संहितेतून ते कलमच गेले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने तर स्पष्ट म्हटले की, मनाच्या गंभीर व्यथेने माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा जिवाच्या तारणाची आशा सोडू नये. पण १९६६ साली हे सगळे पुढे व्हायचे होते.

अंत्ययात्रा निघाली, देवळाची घंटा वाजली. त्यानंतर सातव्या दिवसाची मिस्सा झाली, महिन्याची झाली. एरवी अशा वेळी माणसांची वर्दळ महिन्याने ओसरते. इथे ती ओसरली नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चमधल्या तीन-चार बायका मावशींकडे येऊन बसत. रोझरी म्हणत. ती पंधरा-वीस मिनिटांत आटपे. मग पापलेटाचा भाव, कुणाच्या तरी सुनेचा तोरा, नळाला न येणारे पाणी. मी आईबरोबर जात असे आणि मला वाटे, या बायका प्रार्थनेसाठी येतात आणि उरलेला वेळ फुकट घालवतात. आज मला उलटे वाटते. दादाचे नाव त्या गप्पांत येई, म्हणजे सहज येई. 'त्याला सुकट आवडायची नाही,' असे कुणी म्हणे, आणि मावशी म्हणत, 'वास आला की घरातून पळायचा!' ज्याचे नाव आमच्या चाळीने मान हलवून पुसून टाकले होते, ते त्या खोलीत दर शुक्रवारी जिवंत होई. हे पुष्कळ महिने चालले. दुसरा पावसाळा आला तरी चालूच होते.

हे केवळ त्या बायकांच्या चांगुलपणाचे फळ, असे मी कितीतरी वर्षे समजत असे. पण चांगुलपणाखेरीज त्यात एक पद्धत होती, आणि जगात दुसऱ्या एका पाद्र्याने ती पद्धत ओळखून तिचे मोठे काम उभे केले, हे मला लंडनला गेल्यावर उमगले.

२०१५ साली मी मुलीकडे गेले होते. लंडनच्या जुन्या भागात, बँकांच्या इमारती खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत तिथे, सेंट स्टीफन वॉलब्रुक नावाचे चर्च आहे. सेंट पॉलचे प्रचंड चर्च बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेननेच हेही सतराव्या शतकात बांधले. घुमटाखाली अगदी मधोमध शिल्पकार हेन्री मूरने घडवलेली गोल दगडी वेदी आहे. तिथले लोक थट्टेने तिला चीजचा गोळा म्हणतात. मला ती जात्याच्या तळीसारखी दिसली. पण मी गेले होते ते वेदी पाहायला नव्हे. तिथे एका काचेच्या पेटीत एक जुना काळा टेलिफोन ठेवला होता, तो मला पाहायचा होता.

त्या टेलिफोनचे धनी चॅड वारा. आडनाव आपल्याला गमतीचे वाटेल. आणि गृहस्थही तसे वाऱ्यासारखेच होते, एका जागी न राहणारे. मुलांच्या साप्ताहिकांत ते कथा लिहीत, अंतराळवीराच्या एका गाजलेल्या चित्रकथेचे शास्त्रीय सल्लागारही होते. पाद्र्याच्या पगारात संसार भागत नसावा! १९३५ साली लिंकन गावी ते नवे नवे पाद्री झाले, आणि अंत्यविधीचे पहिलेच काम आले ते एका चौदा वर्षांच्या मुलीचे. तिला पाळी सुरू झाली होती. आपल्याला काहीतरी लाजिरवाणा रोग जडला, अशी तिची समजूत झाली, आणि विचारायला जवळ कुणी नव्हते. तिने जीव दिला.

मी सदतीस वर्षे मुलींच्या शाळेत शिकवले. ही हकीकत प्रथम वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. एका वाक्याने वाचण्यासारखा जीव होता हो! आई, मावशी, शिक्षिका, शेजारीण, कुणीही ते वाक्य बोलू शकले असते.

वारांनी त्या दिवसापासून तरुण मुलांना शरीराची माहिती मोकळेपणाने सांगण्याचा वसा घेतला. त्यापायी शिव्याही खाल्ल्या. १९५२ साली या विषयावर एका सचित्र साप्ताहिकात त्यांनी लेख लिहिला, तेव्हा पत्रांचा पाऊस पडला, आणि त्यांतली काही पत्रे जगण्याला विटलेल्या माणसांची होती. त्या काळी लंडनमध्ये दिवसाला सरासरी तीन माणसे आत्महत्या करीत, असे त्यांच्या वाचनात आले होते. आग लागली तर ९९९ फिरवायचा; पण रात्री दोन वाजता जीव नकोसा झालेल्या माणसाने कोणता आकडा फिरवायचा? वॉलब्रुकचे चर्च त्यांच्याकडे आले आणि त्यांनी ठरवले, आकडा आपणच द्यायचा. सहज लक्षात राहील असा 'मॅन ९०००' हा क्रमांक मिळावा म्हणून त्यांनी टेलिफोन खात्याला विचारायचे ठरवले. चर्चमधला फोन उचलला, चकतीवरची काजळी पुसली, तर त्यावर तोच क्रमांक! हा किस्सा ते स्वतः सांगत. पाद्री माणूस, म्हणून आपण विश्वास ठेवायचा.

२ नोव्हेंबर १९५३ रोजी तो फोन पहिल्यांदा खणखणला. २ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. आपल्याकडेही त्या दिवशी वसईपासून गोव्यापर्यंत कबरींवर मेणबत्त्या लागतात. २०२४ साली तर दिवाळीचा पाडवा आणि हा दिवस एकाच तारखेला आले होते.

पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वारा एकटेच, माणसे पुष्कळ. बाहेर ताटकळत बसणाऱ्यांना चहा-कॉफी द्यायला, दोन शब्द बोलायला काही साधी माणसे स्वेच्छेने येऊ लागली. थोड्याच दिवसांत वारांच्या ध्यानात आले, की बाहेर बसलेल्यांपैकी पुष्कळजण चहा घेता घेता त्या साध्या माणसांशी बोलतात, आणि मग पाद्र्यांना न भेटताच हलक्या मनाने निघून जातात. दुसरा कुणी असता तर त्याने चहा बंद केला असता! आपल्या पदव्यांपेक्षा कपबशीचा गुण अधिक, हे कबूल करायला मोठे मन लागते. वारांनी फेब्रुवारी १९५४ मध्ये फोनच त्या लोकांच्या हाती दिला. आपण उरले निवड करायला आणि शिकवायला. नियम मात्र कडक घातला: ऐकायचे, उपदेश करायचा नाही, आपला धर्म, आपली मते समोरच्याच्या गळ्यात बांधायची नाहीत. देवळाच्या पोटात जन्मलेल्या कामात देवाचे नाव काढायला बंदी! आणि ती घालणारा पाद्री!

डेली मिरर या वर्तमानपत्राने त्यांना 'सॅमॅरिटन' हे नाव दिले आणि तेच चिकटले. बायबलातली ती गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. चोरांनी मारून टाकलेला एक माणूस वाटेत पडलेला असतो. पुरोहित येतो, पाहतो, बाजूने निघून जातो. देवळातला सेवकही तसाच जातो. थांबतो तो शोमरोनी, म्हणजे ज्याला सगळे हलका समजत त्या जातीचा माणूस. जखमा बांधतो, धर्मशाळेत नेतो, पैसे भरतो. तो प्रवचन करीत नाही.

त्या वेळी इंग्लंडात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. म्हणजे मॅन ९००० फिरवणारा माणूस एका अर्थी गुन्ह्याचा मनसुबाच सांगत असे. ते कायद्याचे जोखड १९६१ साली उतरले. वारा २००७ साली वारले, तेव्हा शहाण्णवावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता, आणि त्यांच्या कामाच्या दोनशेहून अधिक शाखा झाल्या होत्या. अशाच रीतीने ऐकण्याचे काम आपल्याकडे चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या 'स्नेहा' या संस्थेने १९८६ पासून चालवले आहे.

आता कुणी म्हणेल, हे काम डॉक्टरांचे. देवाधर्माच्या माणसांनी त्यात पडावेच कशाला? प्रश्न रास्त आहे. मनाचा आजार हा आजारच आहे, आणि त्याला औषध लागते. 'तुझी श्रद्धा कमी पडली' असे म्हणून एखाद्याला गुडघे टेकायला लावणारा पाद्री, आणि 'रामनाम घे, सगळं ठीक होईल' म्हणणारे आपले काका, हे दोघे सारखेच धोकादायक. डॉक्टरचा दरवाजा दाखवायचा, जरूर तर बरोबर जाऊन केसपेपर काढायचा, हे धर्मोपदेशकाने शिकलेच पाहिजे. पण डॉक्टरकडे नसलेली एक गोष्ट चर्चपाशी असते. पाचव्या बाकावर भिंतीकडेला बसणारी बाई दोन रविवार आली नाही, हे चर्चला कळते. आपल्या देवळात कोण आले, कोण गेले, याची नोंद फक्त चपलांजवळचा मुलगा ठेवतो! आपल्याकडे ते काम भजनी मंडळ करते, फार तर सोसायटीचा कट्टा. दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ सालच्या ग्रंथात असा दावा केला होता की, कॅथलिकांत आत्महत्या प्रॉटेस्टंटांपेक्षा कमी होतात. आणि त्याचे श्रेय त्याने दिले ते शिकवणुकीला नव्हे, माणसे एकमेकांना बांधलेली असण्याला. त्याच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले. पण बाकावरची रिकामी जागा दिसणे, यात काही वाद नाही. ती दिसल्यावर मात्र कुणीतरी जिना चढून जायला हवे. आणि गेल्यावर सरळ विचारायला हवे, 'जीव नकोसा वाटतो का? मरणाचे विचार मनात येतात का?' असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. बहुतेकांना उलट सुटल्यासारखे वाटते, की अखेर कुणी तरी विचारले!

मागे राहिलेल्यांचा प्रश्न याहून नाजूक. ज्यांच्या घरी हे घडते त्यांच्या स्वतःच्याच जिवाला पुढे धोका वाढतो, हे आज माहीत झाले आहे. म्हणून अंत्यविधीच्या वेळी पाद्री काय बोलतो, याला मोल आहे. मृताला दोष द्यायचा नाही; त्याचबरोबर 'सुटला बिचारा' असेही म्हणायचे नाही, कारण मागच्या बाकावर तसाच थकलेला दुसरा कुणी ते ऐकत असतो. आणि खरी गरज लागते ती दुसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, पहिल्या वर्षश्राद्धाला. वाडीतल्या त्या बायकांना हे कुणी शिकवले नव्हते. मावशी स्वतः पुढे हेच करीत. कुठल्याही घरी असे झाल्याचे कानावर आले की त्या जात. घर ख्रिस्ती आहे की मराठ्याचे, हे पाहत नसत. काय बोलता म्हणून आईने एकदा विचारले. "मी बोलत नाही. मला बघितलं की त्यांना कळतं, की माणूस यातूनही जेवतो-खातो," असे त्या म्हणाल्या.

आपल्या देशात २०२२ साली १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातल्या, साऱ्या राज्यांत सर्वाधिक. कारणांत घरगुती अडचणी पहिल्या आणि आजारपण दुसरे. दोन्ही मिळून निम्म्या. कायदा आपल्याकडेही बदलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचार देऊ केले, आणि १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेतले जुने ३०९ कलम इतिहासजमा झाले. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलि-मानस' नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६, बिनपैशाचा, रात्रंदिवस, मराठीतही. मॅन ९००० प्रमाणेच लक्षात ठेवायला सोपा. पण तो आपल्या शेजाऱ्यांपैकी किती जणांना पाठ आहे?

मी आता उपनगरात राहते. समोरच्या चर्चच्या तरुण फादरांशी माझी ओळख आहे, कारण त्यांना मराठी पत्रे तपासून हवी असतात. त्यांना मी वॉलब्रुकच्या टेलिफोनची हकीकत सांगितली आणि म्हटले, तुमच्या फलकावर तो क्रमांक लावा की. त्यांनी लावला. मिस्साच्या वेळा, होऊ घातलेल्या लग्नांची यादी, हौजीच्या कार्यक्रमाची सूचना आणि त्याखाली १४४१६. शिवाय आपल्या अक्षरात त्यांनी आणखी दोन ओळी घातल्या: 'दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात हॉलमध्ये चहा मिळेल. बोललेच पाहिजे असे नाही.' चहा करायला पॅरिशमधल्या दोन बायका, एक निवृत्त रेल्वे गार्ड आणि मी. निवडीपूर्वी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला दोन दिवस बसवून ऐकायला शिकवले. शिक्षिकेला सर्वांत जड गेलेला विषय!

पहिल्या गुरुवारी कुणी आले नाही. आम्हीच चौघांनी आठ-आठ कप चहा प्यालो. दुसऱ्या गुरुवारी एक गृहस्थ आले, चहा घेतला, वर्तमानपत्र उलटसुलट वाचले आणि कपबशी स्वतः विसळून निघून गेले. तिसऱ्या गुरुवारी तेच गृहस्थ दहा मिनिटे आधी येऊन दाराशी उभे होते.